जावईबापू, पट्टी ओढू नका!

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला कोणी 'कसे आहात?' असं विचारत नाही. 'अजून चालते?' असं विचारतात. प्रश्न गाडीबद्दल असतो, नजर मात्र आपल्या गुडघ्यांवर असते. नव्या गाडीला हात लावायचा तर लोक आधी मालकाच्या चेहऱ्याकडे बघतात. जुनीला बिनदिक्कत थापट्या मारतात, टायरला लाथ घालून बघतात, बॉनेटवर पिशवी ठेवून सुट्टे मोजतात. आमच्या गाडीपाशी तर ओळखीचा माणूस बोलता बोलता दाराच्या बाहेरच्या पट्टीवरून बोट फिरवतो, बोटाला लागलेली तांबूस पूड नाकाजवळ नेतो आणि मला बातमी देतो, "गंजलीय." मी इतकी वर्षं तिथे कुंकू लावत आलो, अशा सुरात.

"खरं आहे," मी म्हणतो.

"वेळीच बघायला हवं होतं."

"खरं आहे."

"आता पसरत जाणार."

हा गृहस्थ गंजाबद्दल बोलतोय की माझ्या पोटाबद्दल, हे कळायला मार्ग नसतो.

गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री माझी, भावनेनं बायकोची आणि अधिकारानं सासऱ्यांची. तिचं कूळ इटलीचं. फियाटनं १९६२ मध्ये काढलेलं '११०० डी' हे मॉडेल तिकडे १९६६ मध्ये बंदही झालं. इकडे कुर्ल्याच्या कारखान्यात ते पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं, सत्तरच्या दशकात त्याला पद्मिनी हे नाव मिळालं, आणि जी गाडी इटलीतले लोक विसरून गेले होते ती नवी कोरी मिळावी म्हणून आमचे सासरे पैसे भरून, नंबर लावून बसले. मुलगी बालवाडीत गेली तेव्हा त्यांनी नंबर लावला, ती फ्रॉक टाकून पंजाबी ड्रेस घालायला लागली तेव्हा गाडी दारात आली, असं ते सांगतात. इतकी वाट पाहिल्यावर माणूस गाडीकडे वाहन म्हणून बघूच शकत नाही. पाऊस आला की सासरे गाडीवर ताडपत्री घालत आणि स्वतः भिजत बसच्या रांगेत उभे राहत.

मला त्यांनी आधी मुलगी दिली. गाडी द्यायला पुढे बरीच वर्षं घेतली. मुलीच्या वेळी कांदेपोह्यांची एक बैठक पुरली होती. गाडीच्या वेळी त्यांनी मला चप्पल काढून क्लच दाबून दाखवायला लावला, आणि स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर टाकताना माझं मनगट कुठल्या बाजूला वळतं ते चष्मा पुसून बघितलं. किल्ली हातात ठेवताना म्हणाले, "जावईबापू, एक लक्षात ठेवा. ओरिजिनल पत्रा आहे. आजकालच्या गाड्या म्हणजे नुसते डबे. हिच्या दारावर मूठ मारून बघा." मी मारली. दारातून भरीव, गंभीर असा 'थप्प' आवाज आला. "बघा!" सासरे म्हणाले. त्या आवाजाचा अर्थ कळायला पुढे बरेच पैसे गेले.

आम्ही शिवाजी पार्कच्या मागे एका जुन्या इमारतीत राहतो, सासरे आमच्या डोक्यावर. म्हणजे वरच्या मजल्यावर. त्यांच्या गॅलरीतून समुद्राचा एक तुकडा, मैदानाचा एक कोपरा आणि गाडीची डावी बाजू दिसते. समुद्राकडे आणि मैदानाकडे त्यांनी बघितल्याचं निदान माझ्या तरी आठवणीत नाही.

आता त्या पट्टीबद्दल. दाराच्या बाहेरून आडवी जाणारी ही चकचकीत पट्टी. तिला कामधाम काही नाही. इंजिनाला तिची गरज नाही, ब्रेकला नाही, हॉर्नलाही नाही. दाराला शोभा यावी आणि शेजारच्या गाडीचं दार उघडताना पहिला टोला तिनं खावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. प्रत्येक ऑफिसात अशी एक व्यक्ती असतेच आणि तिलाच सगळ्यात आधी गंज चढतो. क्रोमचा जो मुलामा आपण कौतुकानं पुसतो तो मायक्रॉनच्याही काही अंशाएवढा असतो, खरी राखण त्याच्याखालचं निकेल करतं. मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. दादरचा खारा, दमट वारा त्यांतून आत शिरतो आणि खालचं लोखंड गंजू लागतं. गंजाची खोड अशी, की ज्या लोखंडाचा तो झाला त्यापेक्षा तो कितीतरी जास्त जागा मागतो. मुंबईत जागा मागून कोणाला मिळत नाही, म्हणून तो ती घेतो. पट्टी फुगते, आतल्या क्लिपा ढिल्या होतात, आणि एके दिवशी तिचं टोक दारापासून सुटून बाहेर येतं.

ते टोक बायकोच्या मावशींच्या पैठणीला भेटलं. मावशी लग्नाला निघाल्या होत्या. पुढच्या डाव्या दारातून उतरल्या, दार लावलं, चालू लागल्या. पदर मागे राहिला.

"मावशी, थांबा!"

"आता कसलं थांबतोस? मुहूर्त टळतोय!" म्हणत त्यांनी वेग वाढवला. मावशी जोरकस बाई. पट्टीही आपल्या जागेला चिकटून राहणारी. मधल्या मधे पैठणीचा जो आवाज झाला तो हॉलमधल्या सनईवाल्यानंही ऐकला. मी धावत जाऊन पदर सोडवला, त्यात माझं बोट कापलं.

"अहो, रक्त!" बायको ओरडली.

"फारसं लागलं नाहीये..."

"जरीला लागलं का बघा!"

धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला मला दवाखान्यात पिटाळण्यात आलं. धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो, खोल जखमेतून ते आत जातात, वगैरे माहिती मी डॉक्टरांना देत असताना त्यांचं टोचून झालंसुद्धा. "बरोबर आहे," ते कापूस दाबत म्हणाले, "गाडी कुठली म्हणालात?"

"पद्मिनी."

"अजून चालते?"

पट्टीचं काही तरी करायलाच हवं होतं. पैठणीचं एक झालं. शिवाय पासिंग जवळ आलं होतं. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेली होती, वर पर्यावरण कर निराळा. एवढे पैसे भरून आरटीओच्या साहेबांपुढे गाडी उभी करायची आणि त्यांचीच पँट फाटायची, हे बरं दिसलं नसतं.

मी फक्त एवढंच केलं, की सोसायटीच्या गेटपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणालो, "या पट्टीचं काय करावं बरं?"

मुंबईत रात्री दोन वाजता मदतीसाठी ओरडलात तर खिडक्या बंद होतील. 'गंज कसा काढावा?' असं पुटपुटलात तर उघडतील. आमच्या इमारतीत लिफ्टच्या दुरुस्तीसाठी सभा बोलावली तर गणसंख्या भरत नाही. पट्टीभोवती ती सहज भरली. सेक्रेटरी आले, तळमजल्यावरचे केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक आले, हातातली गरम इस्त्री तशीच टाकून इस्त्रीवाला आला. कुणाचा तरी शर्ट त्या दिवशी पट्टीपायी जळाला.

"ॲल्युमिनियमची फॉइल घ्यायची," सेक्रेटरी म्हणाले, "कोलामध्ये बुडवायची आणि घासायची. आरसा होतो."

कोलामध्ये फॉस्फरिक ॲसिड असतं, ते गंज खातं, असा दुजोरा प्राध्यापकांनी दिला. उपाय खोटा नाही. क्रोमवरचे बारीक ठिपके त्यानं खरंच जातात. पण आमच्या पट्टीवर ठिपके नव्हते, वस्ती होती. मी हात दुखेपर्यंत घासलं. गंज होता तिथेच राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर मुंग्यांची रांग लागली. त्या टोकाला आत शिरत आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडत, त्यावरून पट्टी आतून पोकळ झाल्याचं निदान मात्र अचूक झालं.

तेवढ्यात न्यू जर्सीहून मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. बाबांच्या गाडीला काही झालं की त्याला अटलांटिकच्या पलीकडे कळतं. "भाऊजी, इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गाड्या खालून खलास होतात. गंजाचं आम्हाला विचारा. मी एक बाटली पाठवतो, नुसतं ब्रशनं लावायचं. गंज काळा पडतो आणि थांबतो."

बाटली एका ओळखीच्या बाईंच्या सामानातून, लोणच्याच्या परतफेडीत आली. प्राध्यापकांनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"टॅनिक ॲसिड! अहो, हे तर आपल्या हिरड्यात असतं. लोखंड आणि हिरडा मिळून काळं होतं. शाई करायचे त्याची पूर्वी. तुम्ही न्यू जर्सीहून हिरडा मागवलात!"

झालं. मेहुण्याची बाटली बाजूला पडली आणि स्वदेशीचा विजय झाला. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडे आणले, आमच्याच स्वयंपाकघरात काढा उकळला. पट्टी काळी झाली, हे मान्य करायला हवं. ओटा काळा झाला, चहाचं गाळणं काळं झालं आणि माझ्या डाव्या हाताची बोटं अशी काळी झाली, की पुढे कितीतरी दिवस लोक मला बसमध्ये विचारत होते, "आज कुठलं मतदान?" बायकोनं ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उरलेला काढा पिऊन टाका. पोट तरी साफ होईल."

काळी झाली तरी पट्टी पोकळच होती, ती काढणं भाग होतं. एका रविवारी मी दारासमोर बसलो. वरून ताबडतोब आवाज आला.

"जावईबापू, पट्टी ओढू नका! आत क्लिपा आहेत."

"माहितीये, बाबा."

"एका टोकाकडून हलक्या हातानं सरकवा."

"सरकत नाहीये."

"कारण तुमचा हात हलका नाही."

कडेला रंगावर ओरखडा पडू नये म्हणून टेप लावायची, आत काहीतरी पातळ सारायचं आणि क्लिपेजवळ जाऊन अलगद उचलायचं, अशी ही विद्या आहे. टेप लावली. पातळ असं घरात एकच होतं.

"अहो, धिरड्यांचं उलथनं आहे ते!" खिडकीतून.

"ओढू नका!" गॅलरीतून.

"साब, जोर लगाओ," इस्त्रीवाल्याकडून.

तीन मजल्यांच्या या मार्गदर्शनाखाली पट्टी निघाली. म्हणजे अर्धी निघाली, पाव दारावरच राहिली आणि उरलेल्या पावाची खारी होऊन पापुद्रे जमिनीवर पडले. सगळीकडे शांतता पसरली. मग वरून खोल आवाजात विचारणा झाली, "तोडलीत?"

"सुटली, बाबा."

"मी इतकी वर्षं सांभाळली होती."

आता नवी पट्टी शोधणं आलं. पद्मिनीवाल्यांचं खरं कोठार म्हणजे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरच्या पद्मिनी टॅक्सी संपल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांतून लेख आले, फोटो आले, लोकांनी डोळे पुसले. 'यात एसी नाही का?' म्हणून ज्यांनी जन्मभर पुढच्या टॅक्सीला हात केला, त्यांनी जरा जास्त पुसले. मलाही रडू आलं, पण ते सुट्या भागांसाठी.

कुर्ल्याला गेलो. हिचा जन्म कुर्ल्याचा, आणि हिच्या भावंडांचे तुकडेही कुर्ल्याच्या भंगाराच्या दुकानांतच टांगलेले. एका दुकानात छताला बंपर, भिंतीवर हेडलाइटच्या कड्या, आणि मध्ये पद्मिनीच्या सीटवर मालक.

"पद्मिनी की पट्टी? आगे का, पीछे का?"

"आगे का. लेफ्ट."

"राइट है."

"लेफ्ट चाहिए."

"उलटा लगाओ. पट्टी को क्या मालूम?"

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी किंमत विचारली, त्यानं सांगितली, आणि मला आधारासाठी शेजारच्या ॲम्बेसेडरच्या मडगार्डवर बसावं लागलं.

"इतना? पट्टी का?"

"अँटीक है, साब."

"कल तक तो भंगार था."

"कल तक टॅक्सी चालू था."

चोर बाजारातही चक्कर मारली. मटण स्ट्रीटवर एकानं जी पट्टी दाखवली ती माझ्या दारापेक्षा हातभर लांब होती. "काट देंगे," तो म्हणाला. दुसऱ्याकडची हातभर आखूड होती. "जोड देंगे," तो म्हणाला. अखेर कुर्लेकरांनाच शरण गेलो. त्यांच्या गोदामातून डावीही निघाली. इतका वेळ ती का नव्हती, असं विचारल्यावर ते म्हणाले, "पहले देखा, आप सीरियस हो या टाइमपास."

निघताना प्राध्यापकांनी बजावलं होतं, "चुंबक लावून बघा. चिकटला तर पुन्हा लोखंडच घेताय. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम किंवा चांगलं स्टील." म्हणून मी फ्रिजवरचा गोव्याचा मासा खिशात घालून गेलो होतो. बाजारात मी त्या पट्टीला मासा लावून बघत होतो तेव्हा दुकानदारानं नोकराला काहीतरी खूण केली आणि नोकर माझ्यासाठी पाणी घेऊन आला. मासा चिकटला नाही. गंजणार नाही अशी पट्टी मिळाली, या आनंदात मी घरी आलो आणि सहज, निव्वळ हौस म्हणून, तो मासा गाडीच्या दाराला लावला.

वरच्या बाजूला तो टपकन चिकटला. पट्टीच्या जागेपर्यंत आणला, चिकटला. त्याखाली आणला आणि सोडला, तर मासा सरळ जमिनीवर. पुन्हा लावला, पुन्हा जमिनीवर. इस्त्रीवाल्यानं लावून बघितला. सेक्रेटरींनी बघितला. प्राध्यापकांनी घसा साफ केला.

"चुंबक पत्र्याला चिकटतो. पुट्टीला नाही."

"काहीतरीच काय!" बायको म्हणाली. "बाबांच्या गाडीला पुट्टी? ओरिजिनल पत्रा आहे."

वरून, सगळ्यांना दचकवत, आवाज आला. "तो मासा आधी फ्रिजवर ठेवा! चुंबकानं रंग खराब होतो!"

पट्टी बसवायची तर क्लिपांची भोकं घट्ट हवीत आणि पुट्टीत क्लिप धरत नाही, म्हणून डेंटरला बोलावणं आलं. आमचे उस्ताद माहीमच्या एका गल्लीत काम करतात. त्यांनी यंत्र-बिंत्र काही काढलं नाही. दारावर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला, एक बित्ता खाली टकटक केली, पुन्हा कान लावला. मग माझ्याकडे वळून, अनुभवी डॉक्टरांच्या थकल्या स्वरात म्हणाले, "साब, ये दरवाजा नहीं है. दीवार है."

"म्हणजे?"

"ऊपर पतरा. नीचे सब पुट्टी. किसीने बहुत प्यार से भरा है."

तो भरीव, गंभीर 'थप्प' आवाज मला आठवला. मी गॅलरीकडे बघायचं टाळलं.

उस्तादांनी ग्राइंडर लावला. धूळ उडाली, इस्त्रीचे कपडे पांढरे झाले, पांढरे होते ते करडे झाले. पुट्टीचा एक थर गेला, त्याखाली हिरवट रंगाचा दुसरा, त्याखाली तिसरा. उस्ताद वाकून दाराच्या अगदी खालच्या कडेला बोटं फिरवू लागले. "इधर होल होना चाहिए था," ते म्हणाले.

ही गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्याला सांगत असतो. गाडीच्या दारात पाणी शिरतंच. काचेवरून ओघळतं आणि रबराच्या कडेतून आत उतरतं, त्याला इलाज नाही. म्हणून दार बनवणारा त्याच्या तळाशी भोकं ठेवतो, आलेलं पाणी त्यांतून निघून जातं. भोकं तुंबली की पाणी आत राहतं आणि दार आतून सडत बाहेर येतं. बाहेर आपण पट्टी घासत बसतो, आत टाकी भरलेली असते. मला आठवलं, सासऱ्यांच्या शेजारी बसून जाताना ब्रेक लागला की कुठून तरी डुचुक डुचुक आवाज यायचा. 'काय वाजतंय?' विचारलं की ते समाधानानं म्हणायचे, "पेट्रोल. टाकी कायम भरलेली ठेवावी माणसानं."

आमच्या दाराची भोकं तुंबलेली नव्हती. ती नीट, गुळगुळीत, बोटानं दाबून बुजवलेली होती.

"ये किसने बंद किया?" उस्तादांनी विचारलं.

सगळ्या इमारतीनं वर बघितलं. गॅलरीत, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच, कोणी नव्हतं.

उस्तादांनी पुट्टीचा शेवटचा थर उचकटला. आतल्या भगदाडात हात घातला आणि एक कागदाचा गोळा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. पत्रा सडून मोकळी झालेली जागा वर्तमानपत्रानं ठासून भरलेली होती. प्राध्यापकांनी एक गोळा हळूच उलगडला. १९९७ च्या जुलैचा अंक. एका कोपऱ्यात शब्दकोडं, निळ्या शाईत सोडवलेलं.

बायको पुढे झाली. कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. "हा 'श' बाबांचा आहे," ती म्हणाली. वरच्या मजल्यावर टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला.

तरी मी वर गेलो. कागद पुढे धरला. सासऱ्यांनी चष्मा लावला, कोडं वाचलं आणि म्हणाले, "आडवा सातवा चुकलाय."

"बाबा, हे दारात सापडलं."

"हो. पत्रा ओला होता, पुट्टी धरेना. आधार द्यावा लागतो."

"आणि खालची भोकं?"

"दारात पाणी शिरत होतं. भोकं दिसली, बुजवली."

"पण ती पाणी बाहेर जायला असतात!"

"हे मला आधी सांगायचं."

"१९९७ मध्ये?"

"तुम्ही तेव्हा घरात येत-जात होता की."

"पण ओरिजिनल पत्रा म्हणालात तुम्ही."

"जिथे आहे तिथे ओरिजिनलच आहे," ते शांतपणे म्हणाले. "शिवाय पुट्टी चांगल्या दुकानातली होती. इतकी वर्षं टिकली ना? आणि तुमच्या हातात पट्टी किती वेळ टिकली? एक उलथनं."

मी बायकोकडे बघितलं. वडिलांचं बिंग फुटल्यावर मुलीला वाईट वाटेल, अशी माझी समजूत होती. "बाबांना काही बोलू नका," ती म्हणाली. "त्यांनी निदान ओटा खराब न करता केलं."

खाली उस्तादांनी सडका भाग कापला, नवा पत्रा टाकला, गॅस मारला. प्रायमर, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. तळाची भोकं उघडल्यावर दारातून जे पाणी निघालं त्यात एक गंजलेली क्लिप, एक चिंचोका आणि मुलाच्या लहानपणी हरवलेली सोंगटी निघाली. रंग 'मिलता-जुलता' लागला. तो सकाळी मिळतो, दुपारी जुळतो, संध्याकाळी दोन्ही नाही. मग क्लिपांना ग्रीस, भोकांना रबर, आणि त्यावर कुर्ल्याची पट्टी.

पट्टी अशी चमकली की बघणाऱ्यांनी हातांनी डोळ्यांवर सावली केली. आणि मग एकेकाची नजर हळूहळू बाजूला सरकू लागली.

"आता हँडल जुनं दिसायला लागलं," सेक्रेटरी म्हणाले.

"मागचं दार तर फारच," प्राध्यापक म्हणाले.

"बंपर का भी देखो," इस्त्रीवाला म्हणाला.

खरंच होतं. पट्टी गंजलेली होती तोवर गाडी एकसंध म्हातारी होती, कुणाचं कुठे लक्ष जात नव्हतं. आता त्या एका पट्टीनं बाकीच्या सगळ्या गाडीची चहाडी केली. उस्तादांनी माझ्या हातातून मासा घेतला आणि न विचारताच मागच्या दाराला लावला. मासा पडला. पलीकडच्या बाजूला गेले. तिथेही पडला, जरा लवकरच.

"साब, बाकी के तीन दरवाजे? आज हाथ गरम है, सस्ते में कर दूंगा."

"नको!" मी आणि बायको एकदम म्हणालो. लग्नानंतर इतकं एकमत आमचं फार क्वचित झालंय.

"एक मिनिट," गॅलरीतून आवाज आला. सासरे परत आपल्या जागेवर आले होते. "जावईबापू, मागचं उजवं दार उघडणार आहेत का ते?"

"नाही, बाबा. नका काळजी करू."

"काळजी नाही हो. त्यात रविवारची पुरवणी घातलेली आहे."

"बरं मग?"

"रविवारचं कोडं मोठं असायचं. उभे दोन शब्द राहिले होते माझे. तेव्हा घाई झाली, पुट्टी सुकत होती."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे बघितलं. जिन्यावर काठीचा टकटक आवाज येऊ लागला. सासरे खाली पोचले तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि ते उस्तादांना सांगत होते, "ग्राइंडर जरा जपून चालवा. कागद फाटता कामा नये."